रुपयाचा प्रश्न आणि पदव्यांचा बाजार

पुण्यामुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून परदेशी विद्यापीठांचे जे मेळे भरतात, त्यांत वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांत व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र यांच्या जोडीला आणखी एका विषयाचे नाव आढळते : आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र. ब्रिटनमध्ये हा बहुधा एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. जागतिक बँक, नाणेनिधी, सल्लागार कंपन्या आणि वित्तसंस्था यांची दारे ही पदवी घेणाऱ्याला खुली होतात, असे आश्वासन दिलेले असते. शुल्काचा आकडा वाचला की, ज्या घरातल्या मुलामुलींना हा विषय सर्वांत लवकर कळण्यासारखा आहे, त्या घरातली माणसे पत्रक मिटून ठेवतात, किंवा जमीन गहाण टाकण्याच्या विचाराला लागतात.

या विषयासंबंधी पुरोगामी वर्तुळात दोन मते प्रचलित आहेत. हे सारे साहेबी शिक्षण आहे, भांडवलशाहीला लागणारे कारकून घडविण्याची ती नवी शाळा आहे, चळवळीला तिच्याशी कर्तव्य नाही, हे एक मत. दुसरे मत प्राध्यापक मंडळींचे. विषय चांगला, परंतु तो प्रगत देशांचा; आपल्याकडे त्याला परंपरा नाही, ग्रंथ नाहीत, शिक्षक नाहीत; सबब ज्याला परवडेल त्याने तिकडे जाऊन शिकावे. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. हा विषय बाहेरून आलेला नाही. तो येथून गेला आणि परत येताना त्याच्यावर जकात बसली.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत या ज्ञानशाखेची जन्मकथा १९७० सालापासून सांगण्याची रीत आहे. त्या वर्षी सुसान स्ट्रेंज या पूर्वाश्रमीच्या पत्रकार विदुषीने ‘इंटरनॅशनल अफेअर्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. तिची तक्रार अशी होती की, आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अर्थशास्त्रज्ञ सत्तेकडे पाहत नाहीत आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकांना पैसा कळत नाही. दोघांनीही एकमेकांची उपेक्षा चालविली आहे. लेख वेळेवर आला. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७१ रोजी, अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देण्याचे बंद केले आणि १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती अल्पावधीत जवळजवळ चौपट झाल्या. त्या काळच्या पंडितांना या घटनांचा अर्थ लावता येईना, आणि स्ट्रेंजबाईंचे ऐकणे भाग पडले. १९७८ ते १९८८ या काळात त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक होत्या. ‘कॅसिनो कॅपिटॅलिझम’ (१९८६) आणि ‘स्टेट्स अँड मार्केट्स’ (१९८८) ही त्यांची पुस्तके आजही वाचण्यासारखी आहेत. संरक्षण, उत्पादन, पतपुरवठा आणि ज्ञान या चार गोष्टींची घडी कोण बसवितो, यावर जगातली सत्ता ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाईंचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, ज्या उपेक्षेबद्दल त्यांनी तक्रार केली, ती आली कोठून?

एकोणिसाव्या शतकात या शास्त्राचे नावच मुळी राजकीय अर्थशास्त्र असे होते. १८९० साली मार्शलचा ग्रंथ निघाला, त्याच्या नावातून ‘राजकीय’ हा शब्द गळाला होता. १९०३ साली केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. ज्या राष्ट्राचा झेंडा जगातल्या निम्म्या बंदरांवर फडकत होता, त्या राष्ट्राच्या पंडितांना बाजार ही निसर्गाचीच एक व्यवस्था आहे असे वाटावे, यात नवल नाही. ज्यांच्या बंदरावर तो झेंडा होता त्यांना तसे वाटणे शक्य नव्हते. मार्शलच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १८९२ साली, न्या. रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ‘भारतीय राजकीय अर्थशास्त्र’ या विषयावर व्याख्यान दिले. इंग्रजी ग्रंथांतील सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना लागू पडणारे निसर्गनियम नाहीत, ते विशिष्ट समाजस्थितीतून निघालेले आहेत, हे त्यांनी जर्मन विचारवंतांचे दाखले देत मांडले.

दादाभाई नौरोजींनी तर त्याच्या कितीतरी आधी, १८६७ पासून, हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडायला प्रारंभ केला होता. निर्यात आयातीपेक्षा सतत अधिक आणि तरी देश कंगाल, हे कोडे त्यांनी इंग्रज सरकारच्याच आकड्यांवरून सोडविले : अधिकाऱ्यांचे पगार व निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज, लंडनमधल्या कचेरीचा खर्च यांच्या रूपाने निर्यातीचा मोबदला परस्पर तिकडेच जिरत होता. हा संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडणारा गृहस्थ काही काळ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती भाषेचा प्राध्यापक होता. अर्थशास्त्र शिकविण्याचे त्याला कोणी सुचविल्याचे ऐकिवात नाही. १९०४ साली ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेपुढे त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली, हे समाजवादी कार्यकर्त्यांना तरी ठाऊक असायला हवे. आणि दादाभाईंच्याही अगोदर, १८४१ साली, भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्याच्या व्यापारी धोरणावर कोरडे ओढले होते. तात्पर्य, अर्थ आणि सत्ता यांची परस्पर उपेक्षा लंडनात झाली असेल. मुंबईत आणि पुण्यात ती कोणाला परवडणारीच नव्हती.

या परंपरेचा कळस एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने चढविला. डॉ. आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पैशाअभावी अर्धवट राहिलेला तिथला अभ्यास १९२० नंतर त्यांनी पुरा केला. त्या वेळी शाहू महाराजांची मदत झाली. त्यांचा प्रबंध ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना लिहिणारे गुरू प्रा. कॅनन यांना शिष्याची सगळी मते मान्य नव्हती. तरी त्यांनी प्रस्तावना लिहिली, हे त्या काळच्या विद्यापीठाबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

त्या प्रबंधाचा विषय हुंडणावळीचा आहे. रुपयाची किंमत पौंडाशी कशी बांधावी, हा तेव्हा गाजत असलेला वाद. केन्ससारख्या बुद्धिमान माणसाने १९१३ साली सुवर्ण विनिमय परिमाणाचे, म्हणजे सोन्याऐवजी पौंडाच्या आधारावर रुपया चालविण्याच्या पद्धतीचे समर्थन केले होते. तरुण आंबेडकरांनी ते खोडून काढले. त्या पद्धतीत चलन किती काढावे यावर सरकारला कसलाच लगाम राहत नाही, आणि चलन फुगले की देशातल्या देशात रुपयाची क्रयशक्ती घसरते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. परंतु ते तेथे थांबले नाहीत. घसरलेल्या रुपयाचा लाभ कोणाला होतो, असे त्यांनी विचारले. किमती वाढतात, मजुरी मागे राहते, म्हणून धनिकाचा नफा हा मजुराच्या खिशातून आलेला असतो, हे त्यांनी दाखवून दिले. विनिमयाचा दर हा दोन राष्ट्रांमधला प्रश्न आहे तितकाच तो एका राष्ट्रातल्या दोन वर्गांमधला प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र म्हणतात ते याहून निराळे काय आहे? स्ट्रेंजबाईंचा लेख यायला अजून ४७ वर्षे अवकाश होता. त्या ज्या संस्थेत प्राध्यापक झाल्या, त्याच संस्थेच्या ग्रंथालयात हा प्रबंध होता.

त्या संस्थेचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही १८९५ साली वेब पती-पत्नी, बर्नार्ड शॉ आणि ग्रॅहम वॉलस या फेबियन समाजवाद्यांनी काढलेली शाळा. फेबियन सोसायटीला एका सभासदाच्या मृत्युपत्राने मिळालेल्या पैशातून ती उभी राहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये राणी एलिझाबेथ तेथे गेल्या असता, इतके मोठे आर्थिक अरिष्ट येत असताना कोणाच्याच कसे लक्षात आले नाही, असे त्यांनी विचारले. समाजवाद्यांनी काढलेल्या शाळेत हा साधा प्रश्न विचारायला राणीला यावे लागले!

श्रीमती थॅचर यांच्या सरकारने १९७९ मध्ये निर्णय घेऊन पुढच्या वर्षापासून परदेशी विद्यार्थ्यांना सवलतीने शिकविणे बंद केले आणि शिक्षणाचा पुरा खर्च त्यांच्याकडून वसूल करण्याचे फर्मान काढले. तेव्हापासून परदेशी विद्यार्थी हा विद्यार्थी कमी आणि गिऱ्हाईक अधिक झाला. इंग्लंडमध्ये स्वदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क सरकारने २०१७ नंतर कित्येक वर्षे गोठवून ठेवले. महागाई वाढत गेली, आणि ती तूट भरून काढण्याचे काम चिनी व भारतीय मुलांच्या पालकांवर आले. ब्रिटनचे सरकार या कमाईला शिक्षणाची निर्यात असे राजरोस म्हणते. मालाची निर्यात करावी आणि गिऱ्हाइकाच्या कुटुंबाला मात्र दारात उभे करू नये, हेही त्यात आलेच : जानेवारी २०२४ पासून अशा शिकवणीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी येणाऱ्याला जोडीदार वा मुले बरोबर आणता येत नाहीत. दादाभाईंच्या काळातील निःसारण सक्तीचे होते, आजचे राजीखुशीचे आहे, हा फरक मान्य केला पाहिजे. परंतु गावाकडची जमीन तारण ठेवून काढलेले कर्ज लंडनच्या तिजोरीत जाते आणि त्या कर्जाच्या बळावर शिकायचे काय, तर जागतिक सत्तेची रचना! ज्ञानाची घडी जो बसवितो त्याची सत्ता, हे स्ट्रेंजबाईंचे म्हणणे त्यांच्याच देशातील विद्यापीठांनी असे खरे करून दाखविले आहे.

आपले सरकार या बाबतीत काय करते? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकण्यासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक कलम घुसविण्यात आले : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. भारताचा अभ्यास भारतातच होऊ शकतो, असा त्यावर युक्तिवाद. या कलमाच्या चाळणीतून ‘रुपयाचा प्रश्न’ पार पडला असता काय? ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तकारभारावरचा आंबेडकरांचा कोलंबियातला प्रबंध तर दारातच अडला असता. पुढे २०२५ च्या जुलैत निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी पहिल्या फेरीत अवघ्या ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली, उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे सांगण्यात आले. बडोद्याच्या संस्थानिकाने १९१३ साली जे केले, ते प्रजासत्ताकाच्या तिजोरीला जड वाटू लागले आहे.

आता, लाखो रुपये मोजून जे शिकायला मिळते त्याच्याविषयी. सरसकट निंदा करणे अन्यायाचे होईल. ससेक्स, वॉरिक यांसारख्या विद्यापीठांत या विषयाची एक चिकित्सक परंपरा आहे. कॅनडात रॉबर्ट कॉक्स यांनी, आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेतली दीर्घ नोकरी सोडून आल्यावर, कोणताही सिद्धांत कोणाच्या तरी सोयीचा असतो हे स्पष्टपणे मांडले. परंतु अमेरिकेत या विषयाची जी शाखा बलवान झाली, तिने पुन्हा तोच जुना मार्ग धरला : सत्तेचे मोठे प्रश्न बाजूला ठेवायचे, आकडेमोडीत बसतील तेवढे लहान प्रश्न घ्यायचे आणि त्यांची उत्तरे बिनचूक द्यायची. २००८ चे अरिष्ट आले तेव्हा या शाखेलाही ते दिसले नव्हते. बेंजामिन कोहेन यांच्यासारख्या तिच्याच ज्येष्ठ इतिहासकाराने पुढच्या वर्षी त्याबद्दल सहकाऱ्यांचे कान उपटले.

आणि जे शिकवितात त्यातून काय गाळले जाते? ब्रेटन वुड्सची गोष्ट घ्या. १९४४ साली ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी अमेरिकेतल्या एका हॉटेलात जमले आणि नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. पुस्तकांत ही कथा इंग्रज केन्स आणि अमेरिकन व्हाइट यांच्या द्वंद्वयुद्धासारखी सांगतात. त्या परिषदेत हिंदुस्थानचे शिष्टमंडळ होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ त्यात होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. युद्धकाळात ब्रिटनने हिंदुस्थानातून धान्य, कापड, सामग्री उचलली आणि किमतीपोटी लंडनमध्ये कागदावर रक्कम जमा दाखविली. युद्ध संपले तेव्हा ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांची होती. दरम्यान १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. या थकलेल्या रकमेचा काही भाग तरी अन्य चलनांत वापरता यावा, एवढीच शिष्टमंडळाची मागणी. ब्रिटनच्या वतीने केन्स उठले आणि हा धनको व ऋणको यांनी आपसात मिटविण्याचा प्रश्न आहे, असे सांगून तो परिषदेबाहेर ठेवण्यात आला. जगाच्या नव्या अर्थव्यवस्थेत सर्वांत दरिद्री धनकोला कोणते स्थान असणार, हे त्या दिवशी ठरले. आजही नाणेनिधीत अमेरिकेची मते १६ टक्क्यांहून अधिक आहेत आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात. म्हणजे नकाराधिकार एकाच राष्ट्राला. १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण म्हणून रवाना झाले, त्याचा संदर्भ १९४४ पासून लावला पाहिजे. तो कोणी लावायचा?

आपल्या विद्यापीठांनी, असे उत्तर सुचते खरे. परंतु आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? एम. ए. अर्थशास्त्राचा विद्यार्थी रिकार्डोचे प्रसिद्ध उदाहरण सोडवितो : पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड विणावे, दोघांचेही भले. गणित बरोबर येते, गुण मिळतात. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगालची बाजारपेठ इंग्रजी लोकरी कापडाला आधीच मोकळी करून दिली होती, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण तह हा राज्यशास्त्राचा विषय! त्याच मजल्यावरच्या राज्यशास्त्र विभागात तह शिकवितात, पण मद्य आणि कापड तेथे निषिद्ध. मधल्या भिंतीला दार पाडायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी लागत नाही. लागतो तो शिक्षक. आणि शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसे राबविण्याचे धोरण असले, तर तासाच्या हिशेबाने पोट भरणाऱ्याने नवा विषय उभा करावा ही अपेक्षा निव्वळ निर्दय आहे. जे थोडे चांगले काम दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात किंवा अन्यत्र झाले, ते बहुतांशी इंग्रजीत राहिले. धाराशिवच्या वा गोंदियाच्या मुलीला त्यातले मराठीत काय मिळते? नोट्स आणि गाइडे.

अभ्यासाचे काम पंडितांवर सोडून द्यावे आणि चळवळीने रस्त्यावर उतरावे, असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी डंकेल मसुद्याचा काळ आठवून पाहावा. डिसेंबर १९९१ मध्ये तो मसुदा आला. त्याच्याविरुद्ध मोर्चे निघाले, ते योग्यच होते. परंतु घोषणा देणाऱ्यांपैकी कितींनी त्याची पाने उलटली होती? शरद जोशींनी मसुद्याची बाजू घेतली. त्यांचे निष्कर्ष समाजवाद्यांना मान्य होण्यासारखे नव्हते आणि नाहीत. तरी हा माणूस स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी करून आलेला होता, शेतीच्या उणे अनुदानाचा हिशेब त्याने आकड्यांनिशी मांडला होता, आणि अनेक सभांतून त्याच्या आकड्यांपुढे विरोधकांपाशी केवळ विशेषणे उरत, हे विसरून चालणार नाही.

कापसाचेच पाहा. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि २००५ पर्यंत अपिलासह खटला जिंकला. अमेरिकेने काय केले? अनुदान बंद करण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ साली आणखी ३० कोटी डॉलर एकरकमी देऊन प्रकरण मिटविले. स्वतःच्या शेतकऱ्यालाही पैसे आणि तक्रारदाराच्या शेतकऱ्यालाही पैसे! बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांनी २००३ पासून हाच प्रश्न लावून धरला होता. त्यांना खटला लढविण्याची ऐपत नव्हती. विदर्भातील शेतकरी तर या चित्रात कोठेच नव्हता.

तो आला तो २०२५ मध्ये. त्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापड निर्यातदार हवालदिल झाले. त्यांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले, आणि सप्टेंबरअखेरची ती मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे नेमका नवा कापूस बाजारात येण्याचा हंगाम त्यात धरला. वॉशिंग्टनमध्ये मारलेल्या फटक्याचा वळ यवतमाळच्या पाठीवर उठला. निर्यातदाराचे संकट खरे होते, यात शंका नाही. पण ते कोणाच्या अंगावर ढकलायचे याचा निर्णय दिल्लीत झाला, आणि तो निर्णय कोणत्या हितसंबंधांतून होतो हे सांगणारे शास्त्र शिकण्यासाठी यवतमाळच्या मुलाने लंडनला जावे, अशी आजची सोय आहे.

मराठी विद्यापीठांत हा विषय पदव्युत्तर पातळीवर, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या दोन्ही विभागांच्या भागीदारीत, मराठीतून सुरू झाला पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेररचना चालली आहे. अभ्यासमंडळांना एखादी नवी प्रश्नपत्रिका बसविणे अवघड नाही. अधिसभेच्या पदवीधर मतदारसंघात पक्षाचे आणि मित्रसंघटनांचे उमेदवार उभे राहतात, वसतिगृह आणि निकालांच्या विलंबावर मते मागतात. त्यांच्या जाहीरनाम्यात या मागणीला एक ओळ मिळावी. पहिल्या सत्रात दादाभाई, रानडे आणि ‘रुपयाचा प्रश्न’. दुसऱ्यात ब्रेटन वुड्स, स्टर्लिंग शिल्लक आणि १९९१. तिसऱ्यात जागतिक व्यापार संघटनेचा शेतीविषयक करार, ब्राझीलचा खटला, आणि डिसेंबर २०१९ पासून त्या संघटनेचे अपील मंडळ अमेरिकेने नेमणुका रोखल्यामुळे कसे बंद पडून आहे तो इतिहास. स्ट्रेंज आणि कॉक्सही वाचावेत, त्यांच्याशी वैर नाही. चौथ्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने एक हंगाम एखाद्या बाजार समितीत काढावा : लासलगावला कांद्याबरोबर किंवा वणीला कापसाबरोबर. डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली त्या दिवशीचा भाव, त्याच्या आदल्या दिवशीचा भाव आणि मे २०२४ मध्ये बंदी उठतानाच लादलेले ४० टक्के निर्यातशुल्क, हे समितीच्या नोंदवहीतून उतरवून घेऊन त्यांचा अर्थ लावावा, आणि तो शेतकऱ्यांसमोर मराठीत वाचून दाखवावा. परीक्षक म्हणून विद्यापीठाबाहेरचा एक माणूस असावा, तो त्या बाजारात माल आणणाऱ्यांपैकी.